लोबुचेची रात्र आणि पायपंप

2021 च्या लाटेत आपण सगळेच ऑक्सिमीटरचे जाणकार झालो होतो. आकडा 94 च्या खाली गेला की फोनाफोनी, 90 झाला की बेडसाठी धावाधाव. तोच चिमटा एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर बोटाला लावला की सगळा हिशेब बदलतो. डिंगबोचेला, म्हणजे 4,410 मीटरवर, आमच्यातले एक काका 85 असताना लसणाचं सूप पीत गाण्याच्या भेंड्या लावत होते. त्याच्या वर लोबुचे, 4,940 मीटर. तिथे 80 च्या आसपास आकडा असला आणि डोकं दुखत नसलं, तर गाइड खूश. त्यामुळे लोबुचेच्या लॉजमध्ये रात्री माझ्या बोटावर 58 उमटले, तेव्हा सगळ्यांनी आधी शंका घेतली ती ऑक्सिमीटरच्या बॅटरीवर.

शंका रास्त होती. बोट गार असेल तर आकडा चुकतो, नेलपॉलिश असेल तरी फसवतो. आमच्या नेपाळी गाइडला आम्ही सगळे दाइ म्हणायचो. दाइने मला हात स्वतःच्या काखेत दाबून बसायला सांगितलं, पाच मिनिटं थांबला, मग दुसऱ्या हाताचं मधलं बोट घेतलं, मग दुसऱ्या कुणाचा तरी ऑक्सिमीटर मागवला. 59. नाडी 128. शेजारी बसलेल्या माझ्या नणंदेच्या बोटाला तोच लावला तर 81. यंत्र ठणठणीत होतं.

खोकला मला तेंगबोचेपासून होता, थोडी सर्दीही. पण खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या भागात, खोकला कुणाला नसतो? हवा इतकी कोरडी आणि गार असते की त्या खोकल्याला तिथे ‘खुंबू कफ’ असं नावच पडलंय. फरक जाणवला तो लोबुचेला पोचल्यावर. चालणं थांबून दोन तास झाले तरी धाप बसेना. बुटाची नाडी सोडायला वाकले आणि पुन्हा सरळ होऊन नुसती बसून राहिले. दुसरा बूट नणंदेने काढला. बसलं की जरा बरं, आडवं झालं की गुदमरायला व्हायचं. दिवा घालवल्यावर ती अंधारात म्हणाली, “वहिनी, तुमच्या छातीतून घुरघुर आवाज येतोय.” मला वाटत होतं तो आवाज चुलीवरच्या किटलीचा आहे.

दाइने उजव्या काखेच्या खाली कान लावून ऐकलं आणि विचारलं, “दिदी, थुंकी कशी आहे?” टिश्यूवर फिकट गुलाबी फेस होता. मग त्याने पुढे काही विचारलं नाही.

उंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याच्या या आजाराला डॉक्टर ‘हेप’ म्हणतात, आपल्या लष्करात ‘हॅपो’. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळीकडे सारख्या आकसत नाहीत. जिथे कमी आकसतात तिथे रक्ताचा दाब वाढतो आणि बारीक केशवाहिन्यांतून पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपायला लागतं. हृदय चांगलं असतं, दमसास चांगला असतो, तरी होतं. 1962 च्या युद्धाच्या सुमारास मैदानी प्रदेशातले जवान एकदम उंचावर न्यावे लागले, तेव्हा आपल्या लष्करी डॉक्टरांनी हे आजार फार जवळून पाहिले. 1969 साली प्रसिद्ध झालेला 1,925 जवानांवरचा त्यांचा अभ्यास आजही जगभर आधाराला घेतात. हे सगळं मी घरी आल्यावर वाचलं. त्या रात्री मला फक्त एवढंच कळत होतं की श्वास घेतेय, पण पोटभर मिळत नाहीये.

आमचा ग्रुप सह्याद्रीत भटकणारा. पुणे, सातारा, डोंबिवली अशी सरमिसळ. राजगड-तोरणा एका दमात करणारी माणसं, गुडघे मजबूत, पण उंचीच्या बाबतीत सगळेच कोरे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. लुक्लाला विमान उतरतं तीच जागा तिच्यापेक्षा बाराशे मीटर वर आहे. वेग म्हणाल तर आमचा वेग बरा होता. नामचेला जादा मुक्काम, डिंगबोचेला जादा मुक्काम, सगळं पुस्तकाप्रमाणे. एवढं करूनही एखाद्याला होतं, आणि सर्दी झालेली असेल तर शक्यता वाढते.

आता उपाय. पहिले धावून आले ते कॅन. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी काठमांडूत ठमेलच्या दुकानांतून शेव्हिंग फोमच्या डब्याएवढे ऑक्सिजनचे कॅन घेतले होते. विमानात ते नेता येत नाहीत, म्हणून लुक्लाला येणाऱ्या पोर्टरांच्या सामानातून कसेबसे वर आणलेले. प्रेमाने तीन जणांनी तीन कॅन पुढे केले. प्लॅस्टिकची वाटी नाकातोंडावर धरायची, वरचं बटण दाबायचं आणि ओढायचं. आकडा 58 वरून 67 वर गेला. खोलीत “अरे वा” झालं. कॅन संपला, आणि तीन मिनिटांच्या आत 60. कॅनवर 10 लिटर असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. मिनिटाला दोन लिटर सोडला तरी तो पाच मिनिटांचा माल. धाप लागलेला माणूस मिनिटाला वीसेक लिटर हवा आत-बाहेर करतो, त्यात वाटी चेहऱ्याला घट्ट बसत नाही, म्हणजे अर्धा ऑक्सिजन लॉजवाल्याच्या खोलीला. फोटोपुरतं ठीक आहे, पाण्याने भरलेल्या फुप्फुसाला त्याचा काही उपयोग नाही.

मग काकांनी आपला कॉन्सन्ट्रेटर आणला. भेंड्या लावणारे तेच काका. मुलाने आग्रहाने भाड्याने घेऊन दिलेला, खांद्याला अडकवायचा, बॅटरीवर चालणारा. हे यंत्र मला फार हुशार वाटतं. त्यात झिओलाइट नावाचे दाणे असतात. बाहेरची हवा दाबून त्यांच्यातून पाठवली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे जातो तो बराचसा ऑक्सिजन. सिलिंडर भरून आणायची कटकट नाही. विमानातही नेता येतं. डॉक्टरांचं पत्र लागतं आणि बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात. काकांनी सगळे सोपस्कार केले होते.

पण यंत्राची पुस्तिका कुणी शेवटपर्यंत वाचली नव्हती. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की 10,000 फुटांपर्यंतच वापरा. बाजारातल्या बऱ्याच छोट्या कॉन्सन्ट्रेटरची मर्यादा एवढीच असते. नामचे सव्वाअकरा हजार फुटांवर आणि लोबुचे सोळा हजारांच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 55 टक्के असतो, मग आतला बिचारा कॉम्प्रेसर दाबणार काय? दुसरी गोष्ट अशी की ही छोटी यंत्रं सतत ऑक्सिजन सोडत नाहीत. आपण नाकाने श्वास ओढला की तेवढ्यापुरता एक झोत सोडतात. त्यावरचा 2 हा आकडा म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे, ती नुसती पायरी. मी तोंड उघडं टाकून धापा टाकत होते, नाकातली नळी शोधत बसली श्वास, आणि दर अर्ध्या मिनिटाला यंत्र पिवळा दिवा लावून ओरडत होतं. काकांचा चेहरा पडला. मी बोलू शकले असते तर त्यांना सांगितलं असतं की नामचेच्या खाली तुमचंच यंत्र सगळ्यात कामाचं.

खरा सिलिंडर लॉजवाल्याकडे होता. चढाईवाले नेतात तसला चार लिटरचा, उचलायला हलका, कुठल्याशा मोहिमेतून उरलेला. हे सिलिंडर 300 बार दाबापर्यंत भरतात, म्हणजे पूर्ण भरलेल्यात 1,200 लिटर ऑक्सिजन. याचा काटा 110 वर होता. आमच्या लीडरने चहाच्या बिलाच्या मागे गणित मांडलं: चार गुणिले एकशे दहा, 440 लिटर. मिनिटाला दोन लिटरने साडेतीन तास आणि थोडा वर. घड्याळात रात्रीचे साडेदहा. उजाडायला सात तास.

गणित तिथेच अडलं. हेलिकॉप्टर रात्री उडत नाही, आणि बाहेर बर्फ भुरभुरत होता. खाली फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, 1973 पासूनची संस्था, वसंतात आणि शरदात तिथे डॉक्टर असतात. लॉजवाल्याच्या फोनवरून त्यांच्याशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं असं की खाली आणणं हाच खरा इलाज; पण अंधारात, बर्फात, थुकलाच्या उतारावरून पेशंटला आणताना दुसरा एखादा पेशंट तयार करू नका. तोवर किटमधली निफेडिपिनची, फुप्फुसातला रक्तदाब उतरवणारी गोळी द्या, बसतं ठेवा, उबेत ठेवा. “तुमच्याकडे बॅग आहे का?” असं त्यांनी विचारलं.

बॅग होती. काठमांडूहून भाड्याने आणलेली. भाडं सगळ्यांत वाटायचं ठरल्यावर ग्रुपवर झालेली कुरकुर मला आठवते, आणि तिच्यात माझाही एक अंगठा होता.

गॅमो बॅग म्हणजे दिसायला आपला जुना रेल्वेतला होल्डॉल, पण हवाबंद. कोलोरॅडो विद्यापीठातल्या इगोर गॅमो यांनी 1980 च्या दशकात ती बनवली. महास्फोटाच्या सिद्धांतासाठी ज्यांचं नाव घेतात त्या जॉर्ज गॅमोंचा हा मुलगा. जाड नायलॉनची माणूसभर लांब नळकांडी, मधून जाड चेन, वरून पट्टे, डोक्याकडे पारदर्शक खिडकी, एक दाबमापक, एक झडप आणि पायाने मारायचा पंप. सगळं मिळून सातेक किलो. ऑक्सिजन नाही, वीज नाही, बॅटरी नाही. माणसाला आत घालायचं, चेन लावायची आणि बाहेरची साधी हवा भरत राहायचं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा 2 पीएसआयने (हे दाबाचं माप) वाढला की झडप आपोआप जादा हवा सोडते.

एवढ्याने काय होतं? हवेत ऑक्सिजन लोबुचेलाही 21 टक्केच असतो, दादरलाही 21 टक्केच. कमी असतो तो दाब. दाब 2 पीएसआयने वाढवला की लोबुचेच्या लॉजमध्ये पडलेल्या माणसाच्या फुप्फुसाला आपण 3,200 मीटरच्या आसपास आहोत असं वाटतं, म्हणजे नामचेच्याही खाली. शरीर जागचं हलत नाही आणि सतराशे मीटर खाली जातं. चेन उघडली की पुन्हा वर. म्हणून दाइ आणि लीडरने ठरवलं की रात्र बॅगेवर काढायची, आणि सिलिंडरला हात लावायचा नाही. तो सकाळच्या उतारासाठी, कारण बॅगेत घालून माणसाला खाली नेता येत नाही.

आधी मला बाथरूमला नेऊन आणलं. हे कुठल्या माहितीपत्रकात नसतं, पण आत गेल्यावर एक-दोन तास सुटका नाही. मग डायनिंग हॉलमधली दोन बाकं जोडली, डोक्याकडच्या बाजूला गाद्यांची चळत रचून उतार केला, कारण मला सपाट झोपवणं शक्य नव्हतं. हॉलच्या मधोमध याकच्या शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी धगधगत होती. सगळ्यांना वाटलं, वा, ऊब आहे. दाइने मात्र पंप तिथून उचलून थेट दाराशी नेला आणि दार हातभर उघडं ठेवलं. पंप जी हवा ओढणार तीच आत मला मिळणार. शेगडीचा धूर ओढला तर मी धुराच्या पिशवीत. त्यामुळे रात्रभर ज्याची पंपावर पाळी, तो उघड्या दारात गारठत उभा.

स्लीपिंग बॅगसकट मला आत सरकवलं. बोटाला ऑक्सिमीटर, हाताशी पाण्याची बाटली. खुणा ठरल्या: अंगठा वर म्हणजे ठीक, खिडकीवर दोन टकटक म्हणजे थांबा, सतत टकटक म्हणजे बाहेर काढा. चेन पायाकडून डोक्याकडे ओढत आणली. ती नाकापाशी पोचते तेव्हा पोटात खड्डा पडतो, कितीही शिकलेला माणूस असो. मग कापड फुगून चेहऱ्यापासून दूर गेलं आणि जरा बरं वाटलं.

त्रास सुरू झाला तो कानांचा. दाब वाढताना विमान उतरताना होतं तसंच होतं, फक्त जास्त. आवंढा गिळायचा, नाक दाबून हलकी फुंकर मारायची. डावा कान पटकन सुटला. उजवा सर्दीने बंद होता. त्यात कुणी सळई घालतंय असं वाटलं. दोन टकटक. पंप थांबला. काटा 1 वर होता. तिथे त्यांनी मला दहा मिनिटं राहू दिलं, नुसता दाब टिकेल इतका हळू पंप. मी आवंढे गिळत राहिले आणि शेवटी कानात ‘चिर्र’ झालं. मग पुन्हा चढवलं. काटा 2 वर आला आणि झडपेने पहिल्यांदा फुस्स केलं.

त्यानंतर ते फुस्स हेच माझं घड्याळ. बॅग फुगली म्हणून पंप थांबवून चालत नाही. आत मी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठत जातो, तो बाहेर ढकलायला मिनिटाला दहा ते वीस वेळा पंप मारावाच लागतो, बॅग वापरात असेपर्यंत. एक पाय, एक फुस्स. खिडकीतून हेडटॉर्चच्या उजेडात नणंदेचा चेहरा दिसायचा. ती काहीतरी बोलायची, ऐकू यायचं ते नुसतं घूं-घूं. मग तिने वहीच्या पानावर स्केचपेनने “किती?” लिहून खिडकीला लावलं. मी बोट उलटं करून ऑक्सिमीटर काचेला टेकवला. 70. थोड्या वेळाने पुन्हा “किती?” 76. अर्ध्या तासाने 81. हा आकडा तिचा स्वतःचा होता, संध्याकाळचा. तिने पानावर काही न लिहिता हात जोडले.

आत कसं वाटतं? पहिली जाणीव अशी की श्वास ‘लागतो’. संध्याकाळपासून घेतलेला प्रत्येक श्वास अर्ध्यावर तुटत होता, तो आता तळाला जायला लागला. खोकला होताच, पण खोकल्यानंतर डोळ्यांपुढे अंधारी येईना. गरम मात्र फार होतं. बाहेर उणे तापमान, दारातून वारा, आणि मी आत घामाने निथळतेय; खिडकीवर माझ्याच श्वासाचं पाणी जमून थेंब गळ्यावर टपकत होते. एकदा पाळी बदलताना फुस्स थांबलं. एक, दोन, तीन… मी वीसपर्यंत मोजलं. आत हवा काही मिनिटांची असते आणि दाब लगेच उतरत नाही, हे मला माहीत होतं. तरी बोटं आपसूक खिडकीकडे गेली. तेवढ्यात पुन्हा फुस्स. नंतर कळलं, पंपावरच्या पोर्टरचा बूट सटकला होता.

तासाभराने बाहेर काढलं. दाब हळूहळू सोडतात, पुन्हा कान फटफटतात, आणि सोडताना आत एकदम धुकं धरतं, स्वतःचे हात दिसत नाहीत. चेन उघडल्यावर गार हवेचा जो तडाखा बसला त्याने रडूच आलं. बसवून, गरम पाणी पाजून पाहिलं तर 74, पाऊण तासाने 68. उतरणार हे दाइला ठाऊक होतं. पुन्हा आत. असं उजाडेपर्यंत.

मी निदान पडून होते. खरी दमछाक बाहेर चालली होती. सपाटीवर पायाने पंप मारणं काहीच नाही, लहान मुलं मारतील. 4,940 मीटरवर मिनिटाला बारा-पंधरा पंप म्हणजे न संपणारा जिना. पाच मिनिटांत माणूस ओंडक्यासारखा बाकावर आडवा. दाइने पाळ्या लावल्या: पाच मिनिटं पंप, मग अर्धा तास सुट्टी, आणि सुट्टीच्या वेळी प्रत्येकाचं ऑक्सिमीटर. नणंद पंपावरून उतरली तेव्हा तिचा आकडा 71 होता, तर तिला दोन पाळ्या बंदी. ती भांडली म्हणे. ग्रुपच्या बारांपैकी सहा जण, दोन पोर्टर, लॉजवाल्याचा मुलगा आणि शेजारच्या खोलीतली दोन कोरियन मुलं, ज्यांच्याशी आमची आधी साधी ओळखही नव्हती, एवढ्यांच्या पायांवर माझी रात्र निघाली. काकांना पंपावर घेतलं नाही म्हणून त्यांनी वही घेतली आणि दर दहा मिनिटांनी वेळ, काटा आणि माझा आकडा लिहून काढला. हीच वही पुढे डॉक्टरांनी सगळ्यात आधी मागितली. बॅग भाड्याने घेताना दुकानदार वजन सांगतो, भाडं सांगतो; ती रात्रभर चालवायला आठ-दहा पाय लागतात हे सांगत नाही. दोघा-तिघांच्या ग्रुपने ती नेली तर चालवणार कोण?

पाच वाजता फटफटलं. लुक्लाकडे ढग, हेलिकॉप्टर सकाळी तरी नाही. आता सिलिंडर निघाला. मिनिटाला दोन लिटर, नाकात नळी, आकडा 79. चालायची मला सक्त मनाई होती. श्रम केले की फुप्फुसातला दाब वाढतो आणि पाणी आणखी झिरपतं. एका पोर्टरने डोकोची, म्हणजे पाठीवरच्या ओझ्याच्या टोपलीची, एक बाजू कापून तिची खुर्ची केली, त्यात मला पाठीला पाठ लावून बसवलं आणि नाम्लोचा पट्टा कपाळावर घेतला. दुसरा शेजारून सिलिंडर घेऊन, आमच्यामध्ये नळी. अंतर हातभरापेक्षा वाढलं की माझ्या नाकातून नळी सुटायची, म्हणून दोघं पायात पाय घालून चालल्यासारखे चालले. मी उलटी बसलेली, त्यामुळे मला दिसत होतं ते मागे जाणारं लोबुचे आणि मागून येणारी नणंद, जिच्या हातात सिलिंडरचा काटा वाचायचं काम होतं. थुकलाच्या खिंडीत, जिथे एव्हरेस्टवर प्राण गमावलेल्यांचे स्मृतिस्तूप आहेत, तिथे खांदेपालट झाला. ती म्हणाली, “साठ.” म्हणजे 240 लिटर, दोन तास. अजून उतार बाकी होता, पण प्रत्येक पावलाला उंची कमी होत होती हेही खरं.

फेरिचेला पोचलो तेव्हा काटा 20 च्या खाली होता. दवाखाना छोटा, दगडी, उबदार. डॉक्टर परदेशी, तरुण. तिने आधी काकांची वही वाचली, मग माझी छाती ऐकली. तिथे कॉन्सन्ट्रेटर होता, पण तो चाकांवरचा मोठा, सतत प्रवाह देणारा. 4,371 मीटरवर तो मजेत घरघरत होता. काकांनी नंतर येऊन त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यावर रात्रभर राहिले. आकडा 90 च्या वर ठेवायचा हे लक्ष्य, आणि जमेल तसा प्रवाह कमी करत आणायचा. मधूनच ती नळी काढून पाहायची. संध्याकाळी नळीशिवाय 70, पहाटे 78. सकाळी आभाळ मोकळं होतं, हेलिकॉप्टरने लुक्ला. 2,860 मीटरवर उतरल्या उतरल्या मी कुठल्याही नळीशिवाय 90 होते आणि भूक लागली होती. विम्याच्या कंपनीने नंतर जी कागदं मागितली त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता ओळखीपाळखीतले लेह-लडाखला किंवा नेपाळला निघाले की फोन येतो: कॅन घेऊ का? घ्या, मनाला आधार वाटतो. पण त्यावर एक दिवस जादा चढू नका. कॉन्सन्ट्रेटर नेणार असाल तर पुस्तिकेत उंचीची मर्यादा कुठे लिहिलीय ते पान आधी उघडा. लेहसुद्धा साडेअकरा हजार फुटांवर आहे. सिलिंडर असेल तर काटा बघून किती तास पुरेल हे तिथेच काढा, गुणाकारच आहे. ऑक्सिमीटर रोज एकाच वेळी, हात गरम करून लावा, म्हणजे तुमचा नेहमीचा आकडा किती हे आधी कळतं. बॅग घेणार असाल तर दुकानातच फुगवून दाखवायला सांगा, चेन आणि झडप बघा, आणि कुणाला तरी आत घालून एकदा तालीम करा. आमच्या दाइने ती नामचेला करून घेतली होती. तेव्हा आत गेलेला मुलगा हसत बाहेर आला होता, आणि रात्री पहिल्यांदा पंपावर उभा राहिला तोही तोच.

एकदा हेप झालेल्या माणसाला पुन्हा तेवढ्या उंचीवर तो होण्याची शक्यता जास्त असते, असं फेरिचेच्या डॉक्टरने सांगितलं. जायचंच असेल तर आणखी सावकाश, आणि डॉक्टरांना विचारून आधीपासून गोळी. नणंदेला पुढच्या वर्षी अन्नपूर्णा बेस कॅम्प करायचाय. उंची 4,130 मीटर. मी एक जादा मुक्काम घालून हो म्हटलंय. सुट्ट्या कशा जमतायत ते दिवाळीनंतर बघू.